ईडिपसचा हात

एका म्हाताऱ्या धनगराचे हात राजाच्या सेवकांनी पाठीमागे पिरगाळून धरले आहेत. त्याला बोलायचं नाही. राजाचा प्रश्न साधा आहे: पुष्कळ वर्षांपूर्वी तू डोंगरात एका माणसाच्या हाती तान्हं मूल दिलंस, ते कुणाचं होतं? धनगर गयावया करतो, आणखी विचारू नका म्हणतो. आता तोंडातून जे निघणार ते भयंकर आहे हे त्याला ठाऊक आहे. आता कानावर जे पडणार ते भयंकर आहे हे एव्हाना राजालाही कळून चुकलं आहे. तरीही राजा त्याला सोडत नाही. विचारतोच.

सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’ नाटकातला हा प्रसंग. नियती मोठी की माणसाची इच्छा, असा विषय निघाला की हे नाटक हटकून पुढे केलं जातं, आणि नियतीपुढे माणूस कसा हतबल असतो याचा दाखला म्हणून सांगितलं जातं. पु. ल. देशपांड्यांनी ते ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणलं, त्यामुळे आपल्यालाही ते परकं नाही. पण ‘हतबल’ हा शब्द या नाटकाला लावला की मला खटकतं. धनगरासमोर उभा असलेला राजा हतबल नाही. त्याला मागून कुणी ढकलत नाही. थांबायची मोकळीक त्याला आहे आणि ती तो घेत नाही. सगळं नाटक या न थांबण्यावर उभं आहे.

कथा अशी. थीब्जचा राजा लायस याला डेल्फीच्या अपोलोचा कौल मिळतो की तुझा मुलगाच तुला मारील. मुलगा होतो. त्याचे घोटे टोचून, बांधून, त्याला सिथेरॉन डोंगरावर टाकून यायला एका धनगराच्या हवाली केलं जातं. धनगराला दया येते. तो मूल कॉरिंथकडच्या दुसऱ्या मेंढपाळाला देतो, आणि कॉरिंथचा निपुत्रिक राजा पॉलिबस व राणी मेरोपी ते पोटच्या पोरासारखं वाढवतात. सुजलेल्या पायांवरून नाव पडतं ईडिपस. पुढे एका मेजवानीत दारू प्यायलेला कुणीतरी त्याला म्हणतो की तू काही राजाचा खरा मुलगा नव्हेस. शब्द झोंबतात. ईडिपस उठून डेल्फीला जातो, माझे आईबाप कोण, हे विचारायला.

कोकणात देवळात कौल लावतात तेव्हा प्रश्न नेमका असतो आणि उत्तरही नेमकं मिळतं: उजवा की डावा, होय की नाही. डेल्फीचा देव असा सरळ नव्हता. ईडिपसने विचारलं एक आणि देवाने सांगितलं दुसरंच: तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. ईडिपस कॉरिंथकडे पाठ फिरवतो. डेल्फी आणि दाउलिया या गावांकडून येणारे रस्ते जिथे मिळतात त्या तिठ्यावर त्याच्या समोर एक रथ येतो. रथातली माणसं त्याला वाटेतून हुसकावू पाहतात, रथातला म्हातारा त्याच्या डोक्यात पराणी हाणतो. ईडिपस आपल्या काठीचा एकच तडाखा देतो, आणि मग इतरांनाही मारतो. एक सेवक तेवढा निसटतो. पुढे थीब्जच्या वेशीवर ठाण मांडून बसलेल्या स्फिंक्सचं कोडं तो सोडवतो, नगरी वाचते, आणि राज्याबरोबर लायसची विधवा राणी योकास्ता त्याची होते. त्यांना चार मुलं होतात.

यातलं काहीही आपल्याला रंगमंचावर दिसत नाही. नाटक सुरू होतं तेव्हा हे सगळं कधीचंच घडून गेलेलं आहे. कौल खरा ठरलेला आहे, देवाने सांगितलेलं शेवटच्या अक्षरापर्यंत पुरं झालेलं आहे. उरलेलं एकच: हे ईडिपसला माहीत नाही. सोफोक्लीसने ज्या क्षणी पहिला प्रवेश मांडला, तिथे नियतीचं काम संपलं होतं. पुढे जे होतं, ते माणसाचं.

ही मांडणी सोफोक्लीसची स्वतःची. गोष्ट त्याच्याआधीची, पुष्कळ जुनी. होमरच्या ‘ओडिसी’तल्या उल्लेखात देव सगळं लगेच उघड करतात आणि ईडिपस तसाच राज्य करत राहतो. सोफोक्लीसच्या आधीच्या पिढीतला एस्किलस याने इसवी सनपूर्व ४६७ मध्ये याच घराण्यावर नाट्यत्रयी केली. तिच्यातलं शेवटचं नाटक आज उरलं आहे. त्यात अपोलोने लायसला तीनदा बजावलं होतं की निपुत्रिक राहिलास तर तुझं नगर वाचेल. लायसने ऐकलं नाही, म्हणून त्याचं पाप पिढ्यांमागून उतरत आलं. सोफोक्लीसने ते वाडवडिलांचं पाप ‘राजा ईडिपस’मधून काढूनच टाकलं. लायसने काय वावगं केलं होतं, याबद्दल इथे अवाक्षर नाही. शिक्षेला कारण उरलं नाही. कारण काढून घेतल्यावर प्रेक्षकाचं लक्ष ‘का झालं’ याकडून ‘आता हा काय करणार’ याकडे वळतं, आणि सोफोक्लीसला तेच हवं असावं.

अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनायससचं उघडं नाट्यगृह होतं. वसंतातल्या उत्सवात तिथे दिवसाउजेडी नाटकांची स्पर्धा चाले. बोलणारे नट तीन, सगळे पुरुष, मुखवटे घातलेले, आणि सोबत पंधरा जणांचा गायकवृंद. समोर बसलेल्यांना कथा पाठ होती. कीर्तनात आख्यान लागलं की पुढे काय होणार हे श्रोत्यांना ठाऊक असतं आणि तरी ते जागचे हलत नाहीत, तसंच. हे नाटक नेमकं कोणत्या वर्षी झालं त्याची नोंद उरलेली नाही. इसवी सनपूर्व ४३० मध्ये अथेन्सवर महामारी आली, आणि नाटकाची सुरुवातही थीब्जमधल्या महामारीने होते, म्हणून ते त्यानंतर लवकरच झालं असावं असं बरेच अभ्यासक धरतात. खरोखर तसं असेल, तर पहिल्या प्रवेशात राजवाड्याच्या पायऱ्यांवर हातात फांद्या घेऊन बसलेली माणसं पाहताना अथेन्सच्या प्रेक्षकांच्या पोटात काय कालवलं असेल, याची कल्पना करवत नाही. त्या वर्षी पहिलं बक्षीस सोफोक्लीसला मिळालं नाही. ते एस्किलसचा भाचा फिलोक्लीस घेऊन गेला.

आता रंगमंचावर जे घडतं ते पाहू. लोक गाऱ्हाणं घेऊन येतात. ईडिपस सांगतो की तुम्ही येण्याआधीच मी मेहुण्याला, क्रेऑनला, डेल्फीला पाठवलं आहे. क्रेऑन येतो आणि म्हणतो, देवाचा निरोप खासगीत ऐकायचा असेल तर आत चला. ईडिपस म्हणतो, नाही, सगळ्यांसमोर सांग. निरोप असा की लायसचा खुनी नगरात आहे, त्याला घालवा. ईडिपस खुन्याला भर लोकांत शाप देतो. तसा शाप द्यायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आंधळा द्रष्टा टायरेसियस येतो आणि बोलायला नकार देतो, मला घरी जाऊ दे म्हणतो. ईडिपस त्याला डिवचून, चिडवून बोलतं करतो. योकास्ता नवऱ्याला धीर द्यायला म्हणते की भविष्यांवर काय विश्वास ठेवायचा, लायसला म्हणे मुलगा मारणार होता आणि प्रत्यक्षात मारलं तिठ्यावर लुटारूंनी. तिने सांगितलं समजुतीसाठी. त्याच्या मनात मात्र ‘तिठा’ हा एक शब्द रुतून बसतो. तो खोदून विचारू लागतो: जागा कोणती, लायस दिसायला कसा होता, बरोबर माणसं किती? पाच जण होते, त्यांत एक भालदार, रथ एकच.

मग कॉरिंथहून निरोप्या येतो: पॉलिबस वारला. क्षणभर सुटका. पण आईची भीती अजून आहे, असं ईडिपस म्हणतो, आणि ती घालवण्यासाठी निरोप्या मोठ्या आनंदाने सांगतो की ती तुझी आईच नव्हे, तुला मीच डोंगरातून आणलं. योकास्ताला इथेच सगळं उमगतं. ती विनवते की आता पुढे शोधू नकोस. तो तिचं ऐकत नाही. ती आत जाते, पुन्हा बाहेर येत नाही. त्यानंतर धनगर.

टायरेसियस, योकास्ता, धनगर: तिघांनी अडवलं. यांतल्या प्रत्येक ठिकाणी तो ‘बरं’ म्हणू शकला असता. महामारीचं काय, हा प्रश्न राहिलाच असता, पण त्या क्षणी त्याला कुणी जाब विचारत नव्हतं. देवाने खुनी शोधायला सांगितलं होतं. माझा जन्म कुणाच्या पोटी, हे शोधायला सांगितलं नव्हतं. तो शोध सर्वस्वी त्याचा आहे, आणि तो आजचाही नाही. कॉरिंथच्या मेजवानीत झोंबलेला तोच प्रश्न घेऊन हा माणूस डेल्फीला गेला होता आणि उत्तराविना परतला होता. स्फिंक्सचं कोडं सोडवणारा माणूस स्वतःचं कोडं अर्धवट टाकून निघून जाईल, हे मला पटत नाही.

या सगळ्या साखळीत दुष्ट माणूस जवळपास नाही. लायस आणि योकास्ता यांनी मूल टाकलं ते भीतीने. पुढची प्रत्येक कडी मात्र मायेची आहे: धनगराची दया, पॉलिबसचा जीव, योकास्ताचा धीर, निरोप्याचा आनंद. धनगराने दगडाचं काळीज करून ते मूल डोंगरावर टाकलं असतं तर कौल खोटा ठरला असता. तो तसं करू शकला नाही, कारण तो तसा नव्हता. नियतीला या नाटकात स्वतःचे हात नाहीत. ती माणसांच्या स्वभावातून चालते.

इथे तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आठवतो. ग्रीकांमध्ये ‘आळशाचा युक्तिवाद’ म्हणून एक कोटिक्रम प्रसिद्ध होता: बरं होणं नशिबात असेल तर वैद्य बोलवा न बोलवा, बरं होणारच, नसेल तर होणार नाहीच, मग वैद्य कशाला? इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला स्टोइक विचारवंत क्रिसिपस याने त्याला उत्तर दिलं, आणि रोमन लेखक सिसेरोने ते आपल्या नियतीवरच्या ग्रंथात नोंदवून ठेवलं. क्रिसिपस उदाहरण घेतो ते लायसचंच. लायसला मुलगा होणार हे ठरलेलं असेल, तर ‘तो बायकोजवळ गेला काय न गेला काय, मुलगा होणारच’ असं म्हणता येत नाही. मुलगा होणं जर ठरलेलं, तर जवळ जाणंही त्याच ठरण्याचा भाग. होणारी गोष्ट माणसाच्या कृतीला वळसा घालून होत नाही, कृतीमधूनच होते. ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणून हातपाय गाळणाऱ्याला क्रिसिपसने नशिबाचीच भाषा वापरून उठवलं, हे मला फार आवडतं. अर्थात यातून प्रश्न मिटत नाही. माझी कृतीही आधीच ठरलेली असेल तर ती माझी कशी? सोफोक्लीस तत्त्वज्ञ नव्हता. त्याने या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, माणूस समोर उभा केला.

नाटकाचं दुसरं एक वाचन फार रुजलेलं आहे: ईडिपस तापट होता, अहंकारी होता, म्हणून त्याला शिक्षा झाली. याचं खापर ॲरिस्टॉटलवर फुटतं. त्याने ‘काव्यशास्त्रा’त म्हटलं की शोकनायक पडतो तो हामार्तियामुळे, आणि पुढच्यांनी त्याचं भाषांतर स्वभावदोष असं केलं. मूळ शब्दाचं नातं नेम चुकण्याशी आहे. नेम चुकणं हा दुर्गुण नव्हे. समोरचा कोण हे न ओळखता हात उगारणं, ही चूक. ऑक्सफर्डमध्ये ग्रीक शिकवलेल्या ई. आर. डॉड्स यांनी १९६६ साली एका लेखात या नाटकाविषयीचे गैरसमज एकेक करून खोडले. ईडिपसला त्याच्या दुर्गुणांचं फळ मिळालं हाही त्यात होता, आणि तो नियतीच्या हातचं बाहुलं होता हाही. जन्मापूर्वीच लायसला कौल मिळालेला असताना ईडिपसच्या तापटपणाला दोष देणं म्हणजे आग लागण्याआधीच धूर शोधणं. ज्याला आपल्या जन्माविषयी शंका होती त्याने वयाने मोठ्या कुठल्याच पुरुषावर हात उगारायला नको होता, असंही म्हणतात. हे शहाणपण आपल्याला गोष्ट पाठ आहे म्हणून सुचतं. तिठ्यावर डोक्यात पराणी बसल्यावर सुचत नाही.

मराठी वाचकाला आणखी एक मोह पडतो: प्रारब्ध. आपल्याकडे संचित, प्रारब्ध, क्रियमाण अशी कर्माची घडी बसलेली आहे. या जन्मी भोगावं लागलं तर मागे कधीतरी केलेलं असणार, असा हिशेब आपण नकळत मांडतो. ईडिपसच्या बाबतीत तो लागू होत नाही. त्याचा मागचा जन्म या नाटकाच्या जगात नाही, आणि बापाचं पापही सोफोक्लीसने पुसलेलं. इथे खतावणी नाही. सांत्वनही नाही. म्हणून ‘दैव’ म्हणायचं तर म्हणावं, पण ‘प्रारब्ध’ म्हणू नये.

आणि तरी आपल्याकडे या कथेची एक बहीण आहे. इरावती कर्वे यांनी १९५० साली ‘मॅन’ या मानवशास्त्राच्या इंग्रजी नियतकालिकात ईडिपसकथेचं मराठी रूप म्हणून ती दिली. सटवाई रात्री बाळांच्या कपाळी लेख लिहायला जाते. तिची मुलगी हट्ट धरते, माझ्या कपाळी काय लिहिलंस ते सांग. सटवाई सांगते: तू आपल्याच मुलाशी लग्न करशील. मुलगी पुरुषाचं तोंड पाहायचं नाही असं ठरवून रानात राहते. एका राजाने चूळ भरलेलं पाणी तिच्या पिण्यात येतं आणि तिला दिवस जातात. ती मूल लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते. दुसरं जोडपं ते वाढवतं, आणि लेख खरा होतो. सासरी तो लुगड्याचा तुकडा सापडतो तेव्हा तिला सगळं कळतं. ती कुणाला काही सांगत नाही. संसार करत राहते.

कितीतरी वेळा मी या दोन शेवटांची तुलना करत बसलो आहे. सटवाईच्या मुलीला कपाळीचं आधी कळतं आणि ती ते पोटात ठेवते. ईडिपसला शेवटी कळतं आणि तो राजवाड्याचं दार उघडा, मला सगळ्यांना दाखवा, असं ओरडतो. दोघांच्या लेखात फारसा फरक नाही. फरक त्यानंतर त्यांनी काय केलं यात आहे. आणि ते कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

अथेन्समधला नागरिक ईडिपसकडे न्यायालयाच्या नजरेनेही पाहत असणार. जुना कायदेकर्ता ड्रॅको याच्या काळापासून अथेन्सचा कायदा हेतुपूर्वक केलेला वध आणि नकळत झालेला वध यांत भेद करत होता, आणि त्यांची सुनावणीही वेगवेगळ्या ठिकाणी होई. पण हेतू नव्हता म्हणून विटाळ टळत नसे. रक्त सांडलं की हात बाटले, आणि बाटलेल्या माणसामुळे नगरही बाटलं. हे समजायला आपल्याला अवघड जाऊ नये. सुतक कुणाच्या गुन्ह्यामुळे येत नाही, तरी ते पाळावं लागतं. ईडिपस निर्दोष आणि अशुद्ध, एकाच वेळी दोन्ही आहे. पुढे वृद्धपणी सोफोक्लीसने ‘कोलोनसचा ईडिपस’ लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, इसवी सनपूर्व ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने रंगभूमीवर आणलं. त्यात म्हातारा ईडिपस आपली बाजू ठणकावून मांडतो: मी जाणून काही केलं नाही, माझ्यावर हात उचलला गेला तेव्हा मी उचलला. ‘राजा ईडिपस’मध्ये मात्र तो असा एकही बचाव करत नाही.

फ्रॉइडने १९०० साली या कथेतून माणसाच्या बालमनाचा सिद्धांत काढला, आणि हे नाटक भिडतं ते नियती-इच्छेच्या झगड्यामुळे नव्हे असंही म्हटलं. ती वाट वेगळी आहे. इतकंच सांगावंसं वाटतं की नाटकातल्या ईडिपसने ज्या बाईला आई मानलं ती कॉरिंथची मेरोपी, आणि तिच्यापासून तो घरदार सोडून पळाला होता.

आता शेवट. योकास्ताने गळफास लावून घेतला आहे. ईडिपस तिला खाली उतरवतो आणि तिच्या वस्त्रांवरच्या सोन्याच्या टाचण्या काढून स्वतःच्या डोळ्यांत पुन्हा पुन्हा खुपसतो. ही वार्ता बाहेर आणणारा सेवक सुरुवातीलाच एक भेद करतो: हे दुःख नकळत ओढवलेलं नाही, हे जाणूनबुजून घडवलेलं आहे. न्यायालयातला तोच भेद. मग गायकवृंद आंधळ्या राजाला विचारतो, कुठल्या देवाने तुझा हात चालवला? ईडिपस अपोलोचं नाव घेतो. माझी ही सगळी यातना त्याने घडवली, म्हणतो. पण डोळ्यांवर पडलेला घाव दुसऱ्या कुणाचा नाही, तो माझ्याच हाताचा, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो मला बराच काळ छळत होता. टायरेसियसने आधीच सांगितलं होतं की आज डोळस असलेला तू आंधळा होशील, काठीने वाट चाचपत परक्या मुलखात जाशील. मग हेही ठरलेलंच नव्हतं का? पण त्याचं बोलणं नीट पाहिलं तर तो काय होणार ते सांगतो, कुणाच्या हातून होणार ते सांगत नाही. ती जागा मोकळी आहे. ईडिपस तिथे स्वतःचं नाव घालतो. तिठ्यावर हात त्याचाच होता, पण कुणावर पडतो आहे हे त्याला माहीत नव्हतं. या वेळी माहीत आहे.

नाटक इथेही संपत नाही. क्रेऑन आता राजा आहे. ईडिपस म्हणतो, मला नगराबाहेर घालव, सिथेरॉनवर जाऊ दे, आईबापांनी माझं मरण जिथे नेमलं होतं तिथे. क्रेऑन म्हणतो, आधी देवाला विचारायला हवं. मग तो ईडिपसच्या दोन्ही लहान मुलींना बाहेर आणवतो. त्यांचं रडणं ऐकून ईडिपस त्यांना जवळ बोलावतो, या हातांकडे या म्हणतो, हे तुमच्या भावाचे हात आहेत. त्यांच्या पुढच्या आयुष्याची काळजी करतो. तुमच्याशी लग्न कोण करील, विचारतो. काही वेळाने क्रेऑन सांगतो की आता मुलींना सोड आणि आत चल. ईडिपस विनवतो, या तरी माझ्यापासून काढून घेऊ नकोस. क्रेऑन मुलींना त्याच्यापासून दूर करतो आणि त्याला राजवाड्यात नेतो.